केनियात व्हॉलंटिअर म्हणून जायचंय, तयारी काय करू?

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की सिव्हिलचं शेवटचं वर्ष संपलंय, नोकरी जॉइन व्हायला दोन-तीन महिने आहेत, एका एजन्सीमार्फत केनियात चार आठवड्यांचा प्रोग्राम मिळतोय, सकाळी अनाथाश्रमातल्या मुलांना शिकवायचं आणि दुपारी एका शाळेचं बांधकाम-रंगकाम, फी दीड लाखाच्या आसपास, तिकीट वेगळं, आई-बाबा घाबरलेत आणि तुला 'जबाबदारीने' जायचंय म्हणून तयारीची यादी हवीये. प्रश्नात तो जबाबदारीचा शब्द होता म्हणूनच एवढं लांब लिहायला बसलेय.

मी स्वतः पाणीपुरवठ्यातली. आपल्या बडोद्याच्या कलाभवनातूनच, म्हणजे एम. एस. युनिव्हर्सिटीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, सिव्हिल केलं, आधी गुजरातेत छोटा उदेपूर, दाहोद बाजूच्या गावांत हातपंप आणि छोट्या पाणी योजना केल्या, मग युगांडा आणि टांझानियात बरीच वर्षं हेच काम. त्या काळात व्हॉलंटिअर येताना-जाताना खूप पाहिले, काही जण इतके कामाचे निघाले की गावातले लोक अजून त्यांची चौकशी करतात, आणि काहींना सांभाळण्यातच आमच्या तिथल्या स्टाफचा अर्धा दिवस जायचा. तेव्हा हे सगळं मदत जिथे पोचते त्या बाजूला बसून पाहिलेलं आहे असं समज.

लस, व्हिसा, इन्शुरन्स सगळं सांगते, पण त्याच्या आधी एजन्सीने पाठवलेली पीडीएफ उघड आणि त्यात एकच गोष्ट शोध, तुला तिथे बोलावलंय कोणी? म्हणजे केनियातल्या कुठल्या माणसाने, कुठल्या शाळेच्या हेडमास्तरांनी, कुठल्या काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, पाणी खात्याने म्हटलंय की आम्हाला या या महिन्यात हे हे काम करणारं माणूस पाहिजे? तू जायच्या आधी ते काम कोण करत होतं आणि तू विमानात बसलीस की दुसऱ्या दिवशी कोण करणार? पीडीएफमध्ये याचं उत्तर नसेल, फक्त सूर्यास्ताचे आणि हसणाऱ्या मुलांचे फोटो आणि वीकेंड सफारीचं पॅकेज असेल, तर तो प्रोग्राम तुझ्यासाठी बनवलेला आहे, तिथल्या लोकांसाठी नाही, आणि मग बाकी तयारी कितीही केलीस तरी मूळ प्रश्न तसाच राहतो.

आता अनाथाश्रमाचं. यात मी काही गोल गोल बोलणार नाही, ते करू नकोस. जगभरात अशा संस्थांमध्ये राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण तरी हयात असतो. मुलं तिथे येतात ती गरिबीमुळे, शाळेच्या फीमुळे, घरात आजारपण आहे म्हणून, मूल अपंग आहे आणि जवळपास सोय नाही म्हणून. आणि एकदा का परदेशातून पैसे देणारे पाहुणे यायला लागले की संस्था भरलेली ठेवणं हाच काहींचा धंदा होतो, नेपाळ आणि कंबोडियात हे उघड उघड झालंय, खेड्यातल्या आई-बापांना 'मुलाला शिकवू' सांगून मुलं शहरात आणायची आणि अनाथ म्हणून दाखवायची. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला तेव्हा हा प्रकारही त्यात धरला. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने आई-वडिलांच्या छत्राविना वाढणाऱ्या मुलांबद्दल ठराव केला, त्यात अनाथाश्रमांमधल्या व्हॉलंटिअरिंगमुळे होणाऱ्या नुकसानीचाही उल्लेख आहे. आणि खुद्द केनिया? केनिया सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये नवीन बालगृहांची नोंदणीच थांबवली आणि २०२२ मध्ये दहा वर्षांचं धोरण आणलं, की मुलांना संस्थांमधून काढून परत कुटुंबात, नातेवाइकांकडे, पालक-कुटुंबांकडे न्यायचं. ज्या देशाने स्वतः ठरवलंय की हे कमी करत आणायचं, तिथे आपण दीड लाख भरून तेच चालू ठेवायला जायचं का?

आणि कायदा-धोरण बाजूला ठेव, त्या मुलांकडे बघ. तीन-चार वर्षांचं मूल, तू गेटातून आत आल्या आल्या धावत येतं आणि मांडीवर बसतं, सोडायलाच तयार नसतं. फोटोत ते फार गोड दिसतं. पण तुझ्या भाचीकडे, शेजारच्या मुलाकडे बघ ना, अनोळखी बाई घरात आली की आईच्या मागे लपतात, आणि ते निरोगी लक्षण आहे. जे मूल कोणालाही चिकटतं त्याच्या आयुष्यात माणसं सारखी येऊन जाऊन राहिलीत, आणि चार आठवड्यांनी त्या यादीत तूही एक. आपल्या बडोद्यात एखाद्या बालगृहात कोणी परदेशी विद्यार्थी, मुलांची भाषा येत नाही, ट्रेनिंग नाही, कसली चौकशी नाही, महिनाभर मुलांना अंघोळ घालायला आणि झोपवायला आला तर बालकल्याण समिती चालवून घेईल का? मग तिथल्या मुलांसाठी नियम सैल का असावेत.

रंगकाम-बांधकामाचं नुकसान एवढं नाही, पण तिथेही थांबून विचार कर. केनियात गवंडी आहेत, उत्तम आहेत, आणि कामाच्या शोधात बसलेली तरुण मुलंही आहेत. तू सिव्हिलची आहेस, तुला माहितीये की वीट सरळ रेषेत लावायला हात बसावा लागतो. व्हॉलंटिअरांनी दिवसभर बांधलेली भिंत संध्याकाळी तिथल्या गवंड्याने गुपचूप पाडून परत बांधायची, हे बऱ्याच ठिकाणी चालतं आणि कोणी पाहुण्यांना सांगत नाही कारण पाहुणे फी देतात.

माझ्या क्षेत्रातली एक गोष्ट सांगते, म्हणजे नुसतं नको नको म्हणतेय असं वाटणार नाही. युगांडात एका गावात दोन हातपंप एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होते. एक नवा, चौथऱ्यावर देणगीदारांची पाटी आणि व्हॉलंटिअरांच्या हाताचे रंगीत ठसे. दुसरा जुना, दांडा काढून ठेवलेला. मी चौकशी केली तेव्हा पंपाची देखभाल बघणारी एक बाई घरातून कापडात गुंडाळलेले पाने, म्हणजे स्पॅनर, घेऊन आली, ते तिथलं किटेंगे म्हणतात ना रंगीत सुती कापड, त्यात, आणि तिने मला शांतपणे सांगितलं की वरून चौथ्या पाईपला भोक पडलंय, पाणी वर यायच्या आधीच परत खाली गळतं, आणि त्याच्या बरंच आधीपासून सकाळचे पहिले दोन-तीन डबे तांबूस यायचे, चहा काळा पडायचा. तिला रोगाचं निदान पूर्ण माहिती होतं. त्या भागातलं पाणी जरा आम्लधर्मी आहे, त्यात जीआयचे, म्हणजे जस्ताचा थर दिलेले लोखंडी, पाईप गंजतात. पाईप वर ओढून, क्लॅम्प लावून, एक-एक जोड सोडवून खराब पाईप बदलायचा, एवढंच काम होतं, मेकॅनिक तालुक्याच्या गावात होता, पैसे फक्त पाईपचे. त्याऐवजी बाहेरून ग्रुप आला आणि नवीन बोअर घेतला, आणि त्यातही जीआयचेच पाईप टाकले, म्हणजे तोच रोग काही वर्षांनी नव्या पंपाला. त्या बाईला कोणी विचारलंच नव्हतं. पुढे २०१६ मध्ये युगांडाच्या पाणी मंत्रालयाने हातपंपात जीआय पाईप वापरणं थांबवलं, तिथल्याच इंजिनिअरांनी आणि तंत्रज्ञांनी आकडे गोळा करून ते प्रकरण लावून धरलं होतं.

आणि तो पंप मूळचा कुठला माहितीये? आपला. इंडिया मार्क टू, युगांडात त्याला यू टू म्हणतात. आधी खेड्यांत जे ओतीव लोखंडाचे पंप बसवले होते ते एका कुटुंबापुरते बनवलेले, अख्खं गाव दिवसभर मारायला लागल्यावर तुटायचे, बंद पडून राहायचे. मग १९६० च्या दशकाच्या शेवटी जालन्याला आणि नंतर सोलापूरला तिथे दुष्काळात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या मिशनच्या लोकांनी आणि कारागिरांनी पोलादाचा मजबूत पंप बनवला, तुटला की का तुटला बघत बघत सुधारत नेला, १९७० च्या दशकात युनिसेफ आणि सरकारने सोलापूरच्या डिझाइनवरून मार्क टू काढला आणि तो आशिया-आफ्रिकेत पसरला. याच्या उलट २००६ च्या सुमाराला प्लेपंप म्हणून एक कल्पना फार गाजली, मुलं चक्रावर खेळतील आणि पाणी वर चढेल, अमेरिकेतून १.६४ कोटी डॉलरची घोषणा झाली, आणि काही वर्षांत बायका ते जड चक्र हाताने ढकलताना दिसायला लागल्या, बिघडलं तर दुरुस्त करणारं जवळ कोणी नाही, काही गावांनी जुना हातपंपच परत मागितला. कल्पनेत वाईट काहीच नव्हतं, पण पाणी भरणाऱ्या बाईला आधी विचारलं असतं तर तिने पाच मिनिटांत सांगितलं असतं.

आपल्याकडेही तू पाहिलंयस. ऑगस्ट २०२४ ला बडोद्यात विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा सोसायट्यांमध्ये पाण्यात अडकलेल्या लोकांना पिण्याचं पाणी, म्हाताऱ्यांची औषधं, दूध आणि नंतर चिखल काढायला माणसं हवी होती. ज्यांना गल्ली माहिती होती, कुठल्या घरात कोण आजारी आहे माहिती होतं, त्यांचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. न विचारता आलेले जुन्या कपड्यांचे ढीग मात्र कोणाला नको होते.

मग तू काय करावंस असं मला वाटतं ते सांगते. हे दोन-तीन महिने छोटा उदेपूर किंवा नसवाडी बाजूला घालव. तिथे पाण्यावर काम करणाऱ्या संस्था आहेत, पाणीपुरवठ्याच्या सरकारी खात्याचे मेकॅनिक आहेत, त्यांच्याबरोबर फिर. हातपंप खोलायला शीक, बोअरचं पाणी तपासायला शीक, पाणी समितीची मीटिंग कशी चालते, त्यात बायका कधी बोलतात आणि कधी गप्प बसतात ते बघ. फ्लोराइडचा प्रश्न समजून घे. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नको ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा, आणि गंमत बघ, आपल्या गुजरातेत जो त्रास आहे, मुलांच्या दातांवर डाग, मोठ्यांची हाडं कडक होणं, तोच केनियात नाकुरूच्या बाजूला आणि टांझानियात अरुशाच्या बाजूला आहे, रिफ्ट व्हॅलीच्या ज्वालामुखीच्या खडकामुळे. म्हणजे इथे शिकलेलं तिथे खरोखर उपयोगी पडेल. पण आधी इथे हात बसू दे. फ्रेश ग्रॅज्युएटला बडोद्यात कोणी एकटीला साइट देत नाही, तर तिथे का द्यावी?

दोन-तीन वर्षं नोकरी केल्यावर रस्ते आपोआप उघडतात. संयुक्त राष्ट्रांचा व्हॉलंटिअर कार्यक्रम आहे, यूएनव्ही, त्यात तू फी भरत नाहीस, उलट तुला राहण्या-खाण्याचा भत्ता मिळतो, आणि जागा निघते ती तिथल्या ऑफिसने मागणी केली म्हणून. ब्रिटनची व्हीएसओ ही व्हॉलंटिअर पाठवणारी संस्था १९५८ पासून आहे, ते अनुभवी लोकांना लांब मुदतीसाठी घेतात. एमएसएफमध्ये, म्हणजे 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'मध्ये, डॉक्टर-नर्सबरोबर पाणी-स्वच्छतेची माणसंही लागतात, पगार देतात, पण आधीचा अनुभव मागतात आणि पहिल्याच वेळी अनेक महिने द्यायची तयारी लागते. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, ते तुझी परीक्षा घेतात. जी संस्था कार्ड पेमेंट झालं की लगेच 'वेलकम' म्हणते, ना इंटरव्ह्यू ना संदर्भ, तिच्यापासून लांब राहा.

आणि घरात बसूनही होतं. यूएनव्हीचं ऑनलाइन व्हॉलंटिअरिंग आहे, आठवड्याला काही तास, ड्रॉइंग, डेटा, डिझाइन, भाषांतर असली कामं. ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून बनवायच्या खुल्या ऑनलाइन नकाशावर तर २०१० च्या हैतीच्या भूकंपानंतर जगभरच्या लोकांनी घरी बसून सॅटेलाइटच्या चित्रांवरून रस्ते आणि घरं नकाशावर काढली आणि मदत करणाऱ्यांनी ती वापरली. तुला जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवरचं नकाशांचं काम, येत असेल तर हे अगदी तुझं काम आहे. बेअरफूट कॉलेजचंही बघ, राजस्थानातल्या तिलोनियाचं, त्यांनी आफ्रिकेतल्या खेड्यांतून बायकांना, बऱ्याच जणी निरक्षर, आज्या झालेल्या, इथे आणून काही महिन्यांत सोलर दिवे बनवायला आणि दुरुस्त करायला शिकवलं आणि त्या परत जाऊन आपापल्या गावात ते काम करायला लागल्या. दिवा बिघडला तर दुरुस्त करणारी बाई गावातच. मला ही दिशा जास्त पटते.

एवढं सगळं वाचूनही, किंवा दोन वर्षांनी, जायचं ठरलंच, तर आता यादी.

संस्थेला ईमेल लिही आणि सरळ विचार, केनियात तुमची नोंदणी कुठल्या नावाने आहे, माझ्या फीमधले किती पैसे केनियात जातात आणि कशावर खर्च होतात, माझा रोजचा सुपरवायझर कोण आणि तो स्थानिक आहे का, माझ्या कामासाठी कोणाचा रोजगार जातोय का, मुलांच्या सुरक्षेचं तुमचं लेखी धोरण काय, आणि याआधी आलेल्या व्हॉलंटिअरऐवजी जिथे काम झालं तिथल्या शिक्षकाशी किंवा गावातल्या माणसाशी माझं बोलणं करून द्याल का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण आधीचे व्हॉलंटिअर नेहमीच म्हणतात की अनुभव फार छान होता. चांगली संस्था या प्रश्नांनी खूश होते आणि उलट तुझ्याकडे पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागते. ते पासपोर्ट सेवाच्या साइटवरून अर्ज करून मिळतं, वेळ ठेवून कर.

व्हिसाच्या बाबतीत एजन्सीवाले हमखास म्हणतात की टूरिस्ट म्हणून जा, काही होत नाही. केनियात जानेवारी २०२४ पासून व्हिसाच्या जागी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाआधी घ्यायची परवानगी, आलंय, पण पर्यटक म्हणून मिळालेलं ईटीए म्हणजे काम करायची परवानगी नाही, आणि बिनपगारी कामही कामच धरलं जातं. टांझानियात तर व्हॉलंटिअरसाठी वेगळं क्लास सी परमिट आहे. कुठला पास लागतो ते संस्थेनेच लेखी सांगायला पाहिजे आणि त्यांनीच अर्ज करायला मदत करायला पाहिजे. इमिग्रेशन काउंटरवर खोटं बोलून समाजसेवा सुरू करू नये, पकडली गेलीस तर तुझ्याबरोबर तिथला हेडमास्तरही अडकतो.

तब्येतीचं नीट वाच. पिवळ्या तापाची लस, म्हणजे यलो फीव्हर, केनियाला जाणाऱ्यांना आपल्या सरकारच्या नियमाने लागते आणि खरी अडचण परत येताना होते, सर्टिफिकेट नसेल किंवा लस घेऊन दहा दिवस झालेले नसतील तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवतात. ही लस फक्त सरकारने ठरवलेल्या केंद्रांवर मिळते, फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी चालत नाही, आरोग्य मंत्रालयाच्या यादीत जवळचं केंद्र बघून अपॉइंटमेंट लवकर घे. एकदा घेतलेलं सर्टिफिकेट आता आयुष्यभर चालतं. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांग. हिपॅटायटिस बी चा कोर्स सहा महिन्यांचा असतो, राहिला असेल तर आत्ताच सुरू कर, हिपॅटायटिस ए, टायफॉइड, धनुर्वात, पोलिओ आणि खेड्यात राहणार असशील तर रेबीजबद्दलही विचार.

मलेरियाला आपले लोक फार हलकं घेतात, 'आम्हाला लहानपणी झालाय' म्हणतात. आफ्रिकेत जास्त करून फॅल्सिपेरम हा मलेरियाचा घातक प्रकार असतो, तो एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतो, आणि लहानपणी इथे झालेल्या मलेरियाने तिथे संरक्षण मिळत नाही. नैरोबी उंचावर आहे, तिथे धोका कमी, पण किनारपट्टी आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला भरपूर. प्रतिबंधक गोळी कुठली ते डॉक्टर ठरवतील, डॉक्सिसायक्लिन दिली तर परत आल्यावरही चार आठवडे घ्यायची असते आणि तिथेच लोक चुकतात, घरी आले की बंद करतात. गोळी घेत असलीस तरी मच्छरदाणी पाहिजेच. आणि परत आल्यावर काही महिन्यांत ताप आला तर पहिलं वाक्य 'मी आफ्रिकेत जाऊन आलेय' हे डॉक्टरांना सांगायचं. व्हिक्टोरियाच्या पाण्यात पोहायचं नाही, त्यात शिस्टोसोम नावाचे परजीवी कृमी कातडीतून आत जातात. बाकी सगळ्यात मोठा धोका रस्त्यावर आहे, बोडाबोडा म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवर हेल्मेटशिवाय बसू नको, रात्री लांबचा प्रवास करू नको. इन्शुरन्समध्ये विमानाने हलवण्याचा खर्च धरलाय का आणि 'व्हॉलंटिअर काम' वगळलेलं नाही ना, हे दोन्ही पॉलिसीत वाचून बघ.

सामानात प्लॅस्टिकच्या पिशव्या अजिबात नको. केनियाने २८ ऑगस्ट २०१७ पासून बंदी घातलीय, दंड आणि तुरुंग दोन्ही आहे, टांझानियात १ जून २०१९ पासून आहे. आई थेपले, चिवडा, लोणचं देईल ते सगळं डब्यांत किंवा कापडी पिशव्यांत भर. वाटायला जुने कपडे नेऊ नको, तिथे मिटुंबाचे म्हणजे जुन्या कपड्यांचे बाजार भरलेले आहेत. मुलांना रस्त्यात चॉकलेट-पेन वाटू नको, शाळेला काही द्यायचं तर हेडमास्तरांना विचारून, तिथल्याच दुकानातून घेऊन, त्यांच्या हातून.

शाकाहारी असशील तर पोचायच्या आधी कळव. खेड्यात पाहुणी आली म्हणून घरची कोंबडी कापतात, तो मोठा मान आहे आणि त्यांना मोठा खर्चही, ताट समोर आल्यावर नाही म्हणणं फार वाईट दिसतं. आधी सांगितलंस तर मक्याच्या पिठाची उगाली, सुकुमा विकी ही पालेभाजी, मका-राजम्याची गिथेरी, आणि चपाती तर असतेच, मजेत जेवशील.

आता एक अवघड विषय, जो गोऱ्या व्हॉलंटिअरांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात सापडत नाही. पूर्व आफ्रिकेत आपण कोरी पाटी घेऊन उतरत नाही. १८९६ पासून मोंबासाहून रेल्वे टाकायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले, त्यातले सुमारे अडीच हजार तिथेच मेले, मग दुकानदार आले, त्यात आपल्या गुजरातचे खूप, आणि इंग्रजांच्या राज्यात गोरे वर, आपले मध्ये आणि आफ्रिकन खाली अशी उतरंड झाली. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत बाहेर काढलं. बडोद्यात कितीतरी घरांमध्ये नैरोबी-कंपालाचे नातेवाईक आहेत, त्यांच्याकडे तू राहशीलही, आणि तिथे तुला घरातल्या नोकरांशी, दुकानातल्या माणसांशी बोलण्याची जी रीत ऐकू येईल ती कधी कधी ऐकवत नाही. तिथले लोक तुला मुहिंदी, म्हणजे भारतीय, म्हणून ओळखतील आणि ती सगळी आठवण त्यात असेल. तेव्हा जायच्या आधी हा इतिहास वाच, आणि तिथे गेल्यावर आपले लोक काही बोलले म्हणून त्यांच्या हो ला हो करू नकोस.

याची तयारी इथेच होते. वाघोडिया रोडच्या कॉलेजांमध्ये आफ्रिकेतले विद्यार्थी शिकतात. त्यांना भाड्याने खोली मिळवायला किती त्रास होतो, रिक्षात काय ऐकावं लागतं, ते त्यांना विचार. एखाद्या केनियाच्या किंवा टांझानियाच्या मुलीशी मैत्री कर, फी देऊन स्वाहिली शीक तिच्याकडून, मोठ्यांना 'शिकामू' म्हणायचं, कामाचं बोलण्याआधी घरच्यांची, शेताची, झोपेची चौकशी करायची, असल्या गोष्टी ती एका संध्याकाळी शिकवेल. आणि तिला घरी जेवायला बोलव. ज्या घरात तिला मोकळेपणाने बोलावता येत नाही त्या घरातून तिच्या देशात सेवेला जाण्यात काही अर्थ नाही, हे मी आई-बाबांनाही सांगेन.

तिथे गेल्यावर मुलांचे फोटो मुलांच्या पालकांना विचारल्याशिवाय काढू नको, इन्स्टावर तर नकोच. कोणी शाळेची फी भरशील का, भावाला भारतात नोकरी बघशील का विचारलं तर 'बघते' म्हणू नको, आपण सहज म्हणतो पण ती माणसं त्या शब्दावर वर्षभर थांबतात. रोज काय केलं ते वहीत लिही आणि निघायच्या आधी तुझ्याबरोबर काम करणाऱ्या स्थानिक माणसाला ते नीट समजावून, त्याच्या भाषेत लिहून दे, कुठला पाईप कुठल्या तारखेला बदलला, कुठल्या बोअरचं पाणी खराब निघालं, सुटे भाग कुठे मिळतात.

आई-बाबांसाठी, संस्थेचा पत्ता, सुपरवायझरचा नंबर, इन्शुरन्सची कॉपी आणि पासपोर्टची कॉपी घरी ठेव, नैरोबीला पोचल्यावर भारतीय हाय कमिशनकडे नाव नोंदव, आणि आठवड्यातले दोन ठरलेले दिवस फोनचे ठेव, रोज नको, खेड्यात नेटवर्क नसलं की घरचे उगाच घाबरतात.

आणि एजन्सीला अजून ॲडव्हान्स भरला नसशील तर आज तो वरचा प्रश्नांचा ईमेल पाठव आणि उत्तर येईपर्यंत भरू नको. छोटा उदेपूरला जायचं ठरवलंस तर कळव, तिथे पंपाचं काम उत्तम जाणणारे जुने मेकॅनिक माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना विचारून तुझी गाठ घालून देते.